प्रेमाने सत्य : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतले सोडलेले घर

नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, पंधराव्या वचनात, एक वेगळेच ग्रीक क्रियापद आले आहे. ‘अलेथेइया’ म्हणजे सत्य. त्याच कुळातले ‘अलेथेउओ’ हे ते क्रियापद. मराठीत ‘सत्य’ या नामाचे असे सरळ क्रियापद होत नाही. त्यामुळे अनुवादकाला एखादी क्रिया सत्याला बाहेरून जोडावी लागते: सत्य बोलणे, सत्याला धरून राहणे, सत्याने वागणे. यांतली कोणती जोडावी यावर वचनाचा अर्थ पुष्कळसा ठरतो. ‘बोलणे’ घेतले की सत्य जिभेपुरते राहते. ‘वागणे’ घेतले की त्यात स्वयंपाकघर, पैसा, नातेवाईक, पाण्याचा हंडा असे सगळेच येते. या क्रियेला त्याच वचनात प्रेमाची, जुन्या मिशनरी मराठीत म्हणायचे तर प्रीतीची, जोड दिलेली आहे. नव्या करारात हे क्रियापद आणखी एकाच ठिकाणी येते, गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात. आणि तेथे प्रश्न आहे तो खरे सांगितल्यामुळे आपल्याच माणसांचा वैरी ठरण्याचा.

आपल्याकडे या विषयावर मनुस्मृतीतला एक श्लोक सुभाषित म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला. खरे बोलताना ते ऐकणाऱ्याला बोचणार नाही हे पाहावे, आणि गोड वाटते म्हणून खोटेही बोलू नये, असा त्याचा रोख. तेथे सत्याच्या जोडीला ‘प्रिय’ हा शब्द आहे. ‘प्रिय’ आणि ‘प्रेम’ एकाच धातूची लेकरे असली तरी दोघांची कामे वेगळी आहेत. प्रिय काय ते ऐकणाऱ्याचा कान ठरवतो. प्रेम ही बोलणाऱ्यावरची जबाबदारी असते, आणि प्रेमाने बोललेले दर वेळी प्रिय वाटेलच असे नाही. ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या जगण्यात सत्याने आणि प्रेमाने कशी पाळावी, या प्रश्नाची खरी अडचण या फरकात आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ती एका जागी फार स्पष्ट दिसते. धर्मांतर केलेला माणूस आत्मकथन लिहायला बसतो तेव्हा त्याला दोन घरांविषयी खरे सांगायचे असते: जे सोडले ते घर आणि जेथे आलो ते घर. पहिल्याविषयी तो काय लिहितो आणि दुसऱ्याविषयी काय लपवतो, यावरून त्याच्या श्रद्धेची जात कळते असे मला वाटते.

ख्रिस्ती मंडळीत ‘साक्ष देणे’ हा नित्याचा शब्दप्रयोग आहे. पंचांपुढे आणि कचेरीत रुळलेला हा शब्द उपासनेत आला तो आपली शिस्त घेऊनच आला. साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे. पण साक्षीचा जो साचा पुढे तयार झाला त्याला आधीचा अंधार आणि नंतरचा उजेड असे दोन भाग लागतात, आणि साचा एकदा बसला की आधीचे सगळे काळे आणि नंतरचे सगळे पांढरे रंगवण्याचा मोह होतो. तो आवरणे हे मराठी ख्रिस्ती लेखनापुढचे एक कठीण काम होते.

गोव्यातल्या आरंभीच्या ग्रंथात हा प्रश्न अजून उभाच राहिलेला नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. श्रोते प्रश्न विचारतात आणि पाद्री उत्तरे देतात, अशी त्या ओवीबद्ध ग्रंथाची रचना आहे. जुनी पुराणे हातातून गेल्यावर त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला काही असावे, ही नवख्रिस्ती श्रोत्यांची गरज ग्रंथाच्या मुळाशी आहे. ती मागणीच किती बोलकी आहे! माणसे धर्म बदलतात, पण संध्याकाळी पुराण ऐकण्याची सवय बदलत नाही. स्टीफन्स यांनी ती ओळखली आणि ओवीतच उत्तर दिले, हे प्रेमाचे काम झाले. मात्र त्याच साष्टीत १५६७ साली देवळे पाडली गेली होती आणि १५८३ साली कुंकळ्ळीत रक्त सांडले होते, पाद्र्यांचे आणि नंतर गावकऱ्यांचेही. ज्याच्या पाठीशी राज्यसत्ता उभी आहे त्याच्या तोंडून येणाऱ्या सत्याला प्रेमाची कसोटी लावणे अवघड असते, कारण ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसते. ‘क्रिस्तपुराणा’तले श्रोते पुष्कळ शंका विचारतात. घरी परतल्यावर ते आपल्या न बदललेल्या चुलत्याशी काय बोलले असतील, याचा तेथे पत्ता लागत नाही.

तो चुलता एकोणिसाव्या शतकात समोर येतो. आता धर्मांतर बहुधा एकट्यादुकट्याचे असते, शिकलेल्या तरुणाचे असते, आणि ते घर फोडून जाते. बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ची. विधवांच्या दुःस्थितीचे इतके थेट चित्र त्याआधी मराठी गद्यात आलेले नव्हते. कासार कुटुंबातल्या या लेखकाने घराघरांतले खरे पाहिले होते आणि ते सांगायला तो कचरला नाही. पण त्या कादंबरीत प्रत्येक घर हे एका मुद्द्याचा पुरावा म्हणून येते. यमुना आणि विनायक प्रवासाला निघतात, विधवांच्या हकीकती पाहतात, ऐकतात, आणि त्या हकीकतींतून वाद उभा राहतो. पदमनजींच्या आत्मचरित्राचे नावच ‘अरुणोदय’ आहे. अरुणोदय म्हटल्यावर त्याआधी रात्र असणार हे आलेच. हा त्यांचा दोष म्हणण्यापेक्षा काळाची गरज म्हणावी. ज्याला घरातून, जातीतून, गावातून बाहेर पडावे लागते त्याला आपण का बाहेर पडलो हे आधी सांगावे लागते. सीमाभागातल्या अभ्यासकांनी पदमनजींच्या गद्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांच्या पायाखाली परंपरेचे घर असे फारसे नव्हतेच. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, तेवढ्यासाठी समाजाचा रोष घेतला, आणि कुटुंब तीर्थाटनात हिंडत राहिले. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत या दिवसांविषयी लिहिले आहे. ज्या तीर्थयात्रांनी आणि दानधर्माने आपल्या घराला उपासमारीपर्यंत आणले त्यांविषयी त्या कठोर आहेत. पण लेकीला शिकवणाऱ्या बापाविषयीची माया त्या कठोरपणात कोठेही विरत नाही. धर्मावर टीका आणि वडिलांवर प्रेम एकाच परिच्छेदात नांदू शकते, हे मराठी माणसाला सांगायला तेव्हा धैर्य लागले असणार.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच नव्या घरातही खरे बोलायला सुरुवात केली. तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. त्यात मोठ्या सिद्धान्तांबरोबर अगदी ताटातल्या गोष्टीही आहेत. रमाबाई शाकाहारी राहिल्या. पुडिंगमध्ये अंडे असेल तर ते त्यांना चालत नसे, आणि ख्रिस्ती झाले म्हणून ते चालले पाहिजे हे त्यांना मान्य नव्हते. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतमध्ये का नाहीत, असेही त्यांनी विचारले. सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. आज वाचताना दिसते ती अशी बाई, जिने आपल्या विवेकाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला बांधायला नकार दिला, आणि तरीही पत्र लिहिणे थांबवले नाही. तिचे प्रेम मला त्या न थांबण्यात दिसते.

परंतु रमाबाईंच्या आयुष्यातली सगळ्यांत अवघड कसोटी पुण्यात लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात गेले. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा होता. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, ज्या मुलीला जो आचार पाळायचा असेल तो तिने पाळावा, असा करार होता. रमाबाई स्वतः मात्र लेक मनोरमेबरोबर रोज प्रार्थना करीत आणि खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. बातमी फुटली, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आणि इतर सल्लागारांनी राजीनामे दिले.

हा प्रसंग वर्गात शिकवताना बहुधा एक बाजू घेतली जाते. एक तर रमाबाई धूर्त ठरतात, नाही तर पुणेकर सनातनी. दोन्ही सोपे आहे. रमाबाईंच्या बाजूने पाहावे तर त्यांच्यापुढे प्रश्न सत्याचा होता. मी जी आहे ती माझ्याच घरात दार बंद करून का असावे? ज्या संस्थेत विधवेला तोंड लपवावे लागू नये म्हणून मी झटते, तेथे मीच माझी श्रद्धा लपवू का? या म्हणण्यात बळ आहे. पण रानडे-भांडारकर हे काही सदनाचे शत्रू नव्हते. ते प्रार्थनासमाजातले, सुधारणेसाठी शिव्या खाल्लेले लोक. त्यांच्या तक्रारीत एक गोष्ट अशी आहे की जी आजही दुर्लक्षू नये. ज्या बालविधवेला सासर-माहेर दोन्हीकडे तुकडा मोडून मिळत नव्हता, तिला रमाबाईंनी अन्न, अक्षर आणि माया दिली. त्या मुलीला उघड्या दाराजवळून पुढे निघून जाण्याची मोकळीक किती उरते? प्रेमाचाही दाब असतो, आणि तो करणाऱ्याला जाणवत नाही. रमाबाईंनी दार उघडे ठेवले हे मला बरोबर वाटते. त्या दाराचे ओझे मुलींवर पडत नव्हते असे मात्र म्हणवत नाही. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हाही इतिहास आहे.

त्याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९३ साली, म्हणजे वादळ उठले त्याच वर्षी, त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या हिंदूच राहिल्या. ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मकथनात सदनातले दिवस आहेत. रमाबाईंच्या दाराविषयी बोलताना हे पुस्तक शेजारी ठेवावे. रमाबाईंच्या चरित्रकारांपेक्षा ज्या विद्यार्थिनीने त्यांचा धर्म घेतला नाही तिचे म्हणणे या बाबतीत अधिक कामाचे.

आता ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांच्या या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली आला. मुळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र लिहायचे म्हणून मुलगा देवदत्त याने आईकडे आठवणी मागितल्या, आणि आईने लिहायला घेतले ते चरित्राच्या चौकटीत मावेना. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाही. त्यामुळे भाषा बोलल्यासारखी. वाक्ये लहान, क्रियापदे ठसठशीत.

जलालपूर हे नाशिकजवळचे गाव. तेथल्या गोखल्यांची मनकर्णिका अकराव्या वर्षी टिळकांच्या घरात आली आणि लक्ष्मी झाली. पुस्तकाच्या आरंभी तिचे वडील आहेत. १८५७च्या बंडात घरातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. साऱ्या घराचे हाल. साक्षीच्या साच्यात बसवायला याहून सोयीचा मजकूर कोणता? ख्रिस्ती झालेल्या लेखिकेने आपल्या ब्राह्मण बापाचे सोवळे वर्णन करताना त्याच्या आधारे सबंध धर्मावर शेरा मारला असता, तर मंडळीतल्या वाचकांनी मान डोलावली असती. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्या वडिलांचे वेड जसेच्या तसे सांगतात, त्यात घरच्या बायकांची झालेली फरफट सांगतात, आणि वाचक हसत असतानाच त्याला कळते की हा माणूस दुःखाने असा झाला. निवाडा कोठेच नाही. वडील शेवटपर्यंत वडीलच राहतात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पदरात लहानगा दत्तू. पुढची चार वर्षांहून अधिक काळ लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरास, राहिल्या. या काळाविषयी एक गोष्ट वाचकाला सहसा सांगितली जात नाही. १८६६ साली एक कायदा झाला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या धर्मांतरामुळे बायकोने किंवा नवऱ्याने सहा महिने सोडून दिले, तर कोर्टात जाऊन विवाह मोडून घेता येत असे. म्हणजे टिळकांपुढे सरकारने पाडलेली एक वाट तयार होती. त्यांनी ती धरली नाही. ते वाट पाहत राहिले आणि पत्रे लिहीत राहिले. हे मोठेपण खरे. पण लक्ष्मीबाई त्या मोठेपणाच्या ओझ्याखाली आपले दुःख पुरून टाकत नाहीत. नवऱ्याने आपल्याला न सांगता केलेल्या गोष्टीने आपण कोसळलो, वेड लागायची पाळी आली, हे त्या चाळीस वर्षांनी, त्या धर्मात अर्धे आयुष्य काढल्यावर, रेव्हरंड म्हणून सन्मान पावलेल्या नवऱ्याविषयी लिहितात. आणि या दिवसांत ज्यांनी आपल्याला धरून ठेवले ते सोवळे पाळणारे नातेवाईक त्यांच्या लेखणीतून माणसे म्हणूनच उतरतात. त्यांतले कोणी खलपुरुष होत नाहीत. त्यांचे चुकते तेथे चुकते म्हटले आहे, त्यांनी जीव लावला तेथे जीव लावला म्हटले आहे.

पुढे त्या टिळकांकडे नगरला परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे, आपला वेगळा स्वयंपाक, आपले पाणी घेऊन आल्या; आणि टिळकांनी ते तसे चालू दिले. एका छपराखाली दोन चुली. श्रद्धा रोजच्या जगण्यात पाळणे म्हणजे काय, याचे मराठीत याहून नेमके चित्र मला माहीत नाही. मिशनच्या आवारात राहणाऱ्या धर्मोपदेशकाची बायको मिशनच्या पाण्याला शिवत नाही, आणि हा माणूस त्यावर प्रवचन देत नाही! रागीट स्वभावाच्या टिळकांना ते किती जड गेले असेल याची कल्पना पुस्तक वाचताना येते.

जातीचे बंधन त्यांच्या मनातून गेले तेही प्रवचनाने नव्हे. एकदा एकट्या बसल्या असताना त्या विचार करू लागल्या: पशुपक्ष्यांत देवाने वेगवेगळ्या जाती केल्या हे डोळ्यांना दिसते, माणसांत तशा कोठे दिसतात? बाई आणि पुरुष एवढेच. मग बाकीच्या कोणी केल्या? त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली राहुरीस. हा क्रम विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा. आधी पाण्याचा हंडा, मग बाप्तिस्म्याचे पाणी. विचार त्यांचा स्वतःचा होता, आणि तो त्यांच्याच गतीने होऊ देण्याइतका धीर घरात होता.

नव्या घराविषयीही त्या तितक्याच खऱ्या आहेत. बाप्तिस्म्यानंतर टिळकांचा राग गेला नाही, विसरभोळेपणा गेला नाही, घरातून न सांगता निघून जाण्याची खोड गेली नाही, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकण्याची सवय तर वाढलीच. साच्याप्रमाणे उत्तरार्धात सगळे उजळायला हवे होते. येथे उत्तरार्धातही डाळ-तांदळाची काळजी आहे, नवराबायकोचे कडाक्याचे भांडण आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र हसणे आहे. घर मुलांनी भरलेले: अनाथ, विद्यार्थी, कोणाकोणाची सोडलेली पोरे. बालकवी ठोंबरे त्या घरात मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यासाठी त्यांची माया कमी झाली नाही. मिशनशीही टिळकांचे सगळे जुळले असे नाही. परदेशी थाटाची उपासना आणि पगारी धर्मकार्य त्यांना खुपत होते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा प्रयत्न केला. आदर्श उंच होता, पण महिन्याचा हिशेब लक्ष्मीबाईंच्या गळ्यात पडला. दोन्ही गोष्टी पुस्तकात एकाच सुरात येतात. टिळक १९१९ साली गेले. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य या कमी शिकलेल्या बाईने पुढे पूर्ण केले. ज्या नवऱ्याच्या खोड्या तिने जगाला सांगितल्या त्याचेच काम तिने हातात घेतले.

आपल्याकडे ‘स्मृतिचित्रे’ शिकवण्याची पद्धत मला खटकते. पाठ्यपुस्तकांत उतारे येतात ते बहुधा विनोदाचे: सोवळे, फजिती, भोळेपणा. विद्यार्थी हसतो आणि श्रद्धेचा भाग ‘चरित्रविषयक माहिती’ म्हणून तळटिपेत जातो. ख्रिस्ती मंडळीत याच्या उलट होते. तेथे धर्मांतराची पाने साक्ष म्हणून वाचली जातात आणि भांडणे, पैशाची ओढाताण, नवऱ्यावरचा राग ही पाने ‘घरगुती’ म्हणून वगळली जातात. विनोद आणि श्रद्धा या पुस्तकात वेगळ्या करता येत नाहीत, कारण येथे विनोद हाच खरे प्रेमाने सांगण्याचा मार्ग आहे. वडिलांच्या सोवळ्याविषयी गंभीर होऊन लिहिले असते तर तो आरोप झाला असता. गप्प बसल्या असत्या तर ते खोटे झाले असते. हसून सांगितल्यामुळे दोन्ही टळले. टिळकांच्या बाबतीतही हेच.

शिक्षकांना एक साधा पाठ सुचवतो. वर्गात पुस्तकातली चार पाने घ्यावीत: दोन १८९५च्या आधीची, दोन १९००नंतरची. विद्यार्थ्यांना प्रत्येक पानावरची विशेषणे अधोरेखित करायला सांगावे आणि ती कोणत्या माणसाला लागली आहेत ते लिहायला लावावे. विशेषणे थोडीच निघतील, हा पहिला शोध. आधीच्या आणि नंतरच्या माणसांना लागलेल्या विशेषणांत फरक आहे का, हे त्यांनी स्वतः तपासावे. शिक्षकाने उत्तर आधी देऊ नये. मग हेच ‘अरुणोदया’च्या दोन पानांवर करावे. तुलना करताना पदमनजींना कमी लेखण्याची घाई नको. त्यांच्या वाक्यांची ठेवण वाद घालणाऱ्याची आहे आणि वादाला विशेषणे लागतातच. वर्ग वरचा असेल तर रमाबाईंच्या बायबलच्या भाषांतरातला एखादा अध्याय आणि त्याच अध्यायाचे रूढ मराठी भाषांतर शेजारी ठेवावे. मूळ हिब्रू-ग्रीकवरून, कमी शिकलेल्या बायकांना कळावे अशा मराठीत त्यांनी ते केले. १९२२ साली त्या गेल्या, आणि १९२४ साली ते छापून निघाले. मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. इफिसकरांस पत्रातल्या त्या क्रियापदाला दोन्हीकडे कोणती क्रिया जोडली आहे ते विद्यार्थ्यांनीच शोधून काढावे.

सर्वनामांकडेही लक्ष वेधावे. लक्ष्मीबाईंच्या पिढीतली बाई नवऱ्याचे नाव घेत नसे. ‘हे’, ‘घरातले’, ‘दत्तूचे वडील’ असे आडवळण घेई. लक्ष्मीबाई पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात. ‘टिळक आले’, ‘टिळक रागावले’, असे आदरार्थी बहुवचन ठेवून, पण आडवळण न घेता.